रात्री आकाश स्वच्छ असताना चांगलं चालणारं विमान डोंगराला धडकतं तरी कसं?

टिळकवाडीची_काकू

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहिते इथं, सांभाळून घ्या. आमची धाकटी बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्याला, विमान शिकायला जाते. बारावी झाली आणि हिनं ठरवलंच, घरात कुणाचं ऐकते होय. दिवसाच्या फ्लाइंगची सवय झाली मला आता, डोक्यावरून घरघर करत एखादं गेलं की गच्चीवर जाऊन बघते, हीच असेल म्हणून. पण आता म्हणते पुढं नाईट फ्लाइंग आहे. आणि नेमका त्याच आठवड्यात मोबाईलवर तो अमेरिकेतल्या अपघाताचा व्हिडिओ समोर आला, २०११ चा, अ‍ॅरिझोनातला, सुपरस्टिशन माउंटन्स नावाचे डोंगर आहेत तिथला. बाप आपल्या तीन लेकरांना थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी न्यायला आलेला, दोन इंजिनांचं छोटं विमान, आत सहा माणसं, संध्याकाळी साडेसहाचा सुमार. उडालं आणि पाच-सहा मिनिटांत सरळ जाऊन डोंगराच्या कड्यात. कुणी वाचलं नाही. ती लेकरं दहा वर्षांच्या आतली होती हो.

मला कळत नाही ते असं की इंजिन चांगलं, हवा चांगली, धुकं नाही पाऊस नाही, पायलट त्याच भागातला, मग एवढा मोठा डोंगर दिसत कसा नाही? वळण्याचा प्रयत्नसुद्धा केलेला दिसत नाही म्हणे. आणि आजकाल रिक्षावाल्याकडं पण जीपीएस असतंय, विमानात नसतंय काय?

आपल्या इथं तर गावाच्या पश्चिमेला सगळा डोंगरच की. महिपाळगड, वैजनाथचा डोंगर, पुढं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. मुलीला विचारलं तर "आई तू व्हिडिओ बघू नकोस" एवढंच उत्तर. म्हणून इथं विचारते. जाणकारांनी सांगा, घाबरवायला नको आणि उगाच समजूत पण काढायला नको.

निपाणीकर_भाऊ

काकू काळजी करू नका, शिकवणारे बघून घेतात सगळं. खरं मला पण हे पटत नाही. मी आंबोली घाट रात्री-अपरात्री किती वेळा उतरलोय, डोंगर काळा असला तरी दिसतोयच की, आकाशापेक्षा जास्त काळा दिसतोय. पायलट एकतर पेंगला असणार नाहीतर मागं पोरांशी बोलत बसला असणार. यूट्यूबवाले उगं रहस्य करून दाखवतात. एवढा मोठा डोंगर समोर आला आणि दिसला नाही, हे काय खरं बोलणं झालं?

लोंढा_जंक्शन

काकू, मी खानापूर तालुक्यातला, सध्या एअरलाइनला उडतो, त्याआधी बरीच वर्षं छोट्या विमानांवर काढली. निपाणीकर म्हणतात तिथंच खरी गोम आहे म्हणून तिथूनच सुरू करतो.

डोंगर आकाशापेक्षा काळा दिसतो, बरोबर. पण कधी? आकाशात मागं कसला तरी उजेड असेल तेव्हाच. चंद्र असेल, नाहीतर डोंगराच्या पलीकडं गाव असेल आणि त्याचा उजेड ढगावर आलेला असेल. अमावस्येच्या आसपास पलीकडं नुसतं रान असेल तर आकाश पण काळं आणि डोंगर पण काळा, मधली कडच राहत नाही. सुपरस्टिशनच्या रात्री चंद्र नव्हता. पाठीमागं मेसा आणि फिनिक्सचे लाखो दिवे आणि समोर वाळवंट आणि डोंगर, त्यावर एक दिवा नाही. घाटात भाऊ तुम्हाला डोंगर दिसतो कारण तुमच्या गाडीचे हेडलाइट दहा-वीस मीटरवरच्या दरडीवर पडतात आणि तुम्ही तीसच्या स्पीडनं चालवता. ते विमान ताशी तीनशे किलोमीटरच्या वर चाललं होतं. लँडिंग लाइटच्या उजेडात कडा दिसेपर्यंत करायला काही शिल्लकच राहत नाही.

दुसरं म्हणजे डोळे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो. लग्नाच्या झगझगीत मांडवातून बाहेर मागच्या शेतात गेलं की पहिल्यांदा आपलाच पाय दिसत नाही, तसंच. हे लोक उजेडाच्या शहरातल्या एअरपोर्टवरून उडाले आणि सहाव्या मिनिटाला डोंगरात होते, डोळे सरावणार कधी? शिवाय उंचीवर ऑक्सिजन थोडा कमी झाला तरी पहिला फटका रात्रीच्या नजरेला बसतो, अमेरिकेत तर रात्री ५००० फुटांच्या वर ऑक्सिजन घ्या अशी शिफारसच आहे, दिवसा ज्या उंचीला आपण बिनधास्त बसून डबा खातो ती ही उंची.

आता तो अपघात नीट सांगतो, कारण व्हिडिओत हा भाग बहुतेक गाळतात. फिनिक्सच्या मोठ्या एअरपोर्टभोवती हवेत एक हद्द आखलेली आहे, तिच्यात एटीसीच्या, म्हणजे जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या, परवानगीशिवाय जायचं नाही. त्या डोंगराच्या बाजूला ही हद्द ५००० फुटांपासून वर सुरू होते. डोंगराचा माथा ५००० च्या किंचित वर. म्हणजे हद्दीच्या खाली राहायचं म्हटलं तर डोंगरावरून जाताच येत नाही, एकतर परवानगी मागून वर चढायचं नाहीतर वळसा घालायचा. हा पायलट ४५०० फुटांवर सरळ झाला आणि नाक थेट गावाच्या दिशेनं. दिवसा असता तर समोर कडा बघून कुणीही वळला असता. रात्री समोर काहीच नाही, म्हणजे मोकळं आहे असं वाटतं. पेंगायची किंवा पोरांकडं वळून बघायची गरजच नाही भाऊ, तो काचेतून टक लावून बघत असता तरी हेच झालं असतं.

तिथल्या चौकशी मंडळानं, एनटीएसबीनं, कारण लिहिलं तेही साधं आहे: चंद्र नसलेल्या रात्री नजरेच्या भरवशावर उडताना मार्ग आणि उंची यांची सुरक्षित जोडी पायलटनं राखली नाही. सोबत कारणं जोडली ती म्हणजे ओळखीच्या भागातला निर्धास्तपणा, एटीसीकडून रडारची मदत न मागणं, आणि विमानात डोंगराची सूचना देणारं यंत्र नसणं.

म्हणून मी पोरांना सांगतो की धुक्याच्या रात्रीपेक्षा स्वच्छ रात्रीची भीती बाळगा. धुकं असलं की माणूस मुळात जातच नाही, गेला तरी काट्यांकडं बघत जातो. स्वच्छ रात्री चांदण्या दिसतात, लांबचं गाव दिसतं, त्यामुळं वाटतं आपल्याला सगळंच दिसतंय.

निपाणीकर_भाऊ

बरं, डोंगर दिसला नाही हे धरून चालू. खरं जीपीएसचं काय? माझ्या मोबाईलच्या मॅपवर टेरेन दाबलो की प्रत्येक टेकडी दिसतेय, उंचीसकट. एवढं लाखो डॉलरचं विमान घेतोस आणि त्यात ते नसतंय?

लोंढा_जंक्शन

भाऊ, जीपीएस म्हणजे तू कुठं आहेस आणि तुझं गाव कुठल्या दिशेला आहे, एवढंच. डायरेक्ट दाबलं की पडद्यावर एक सरळ रेघ येते, ती रेघ डोंगरातून जाते का मैदानातून याच्याशी तिला देणंघेणं नाही. डोंगर कळायला आत जमिनीच्या उंचीची वेगळी माहिती भरावी लागते आणि ते यंत्र आपल्या उंचीशी ताडून ओरडायला हवं, "टेरेन, पुल अप" असं.

मोठ्या विमानांत हे का आलं त्याला पण एक अपघातच कारण. १९७४ च्या डिसेंबरात व्हर्जिनियात टीडब्ल्यूए या अमेरिकन एअरलाइनचं बोइंग ७२७ उतरताना डोंगरावर गेलं, ९२ माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेनं सक्ती केली. ते पहिलं यंत्र फक्त खाली बघायचं, रेडिओ लहरी खाली सोडून जमीन किती जवळ आली ते मोजायचं. सपाट चढत जाणारी जमीन असेल तर वेळेत ओरडणार, पण समोर एकदम उभा कडा आला तर? कडा पायाखाली येईपर्यंत त्याला पत्ताच नाही. मग डॉन बेटमन नावाच्या इंजिनियरनं आणि त्याच्या टीमनं नव्वदच्या दशकात जगाचा डोंगरनकाशा आत भरून पुढचं बघणारं यंत्र काढलं. आज एअरलाइनची विमानं डोंगरात जायचं प्रमाण जे घटलंय त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे, आपल्याकडं नाव कुणाला माहीत नाही ही गोष्ट वेगळी.

छोट्या खासगी विमानात मात्र मालकाच्या खिशावर. आता नवीन ट्रेनर विमानांत काचेचे डिस्प्ले येतात, त्यात डोंगर लाल-पिवळा दिसतो. जुन्या विमानांत गोल घड्याळं आणि मांडीवर कागदी नकाशा, आणि खरं सांगायचं तर त्या नकाशावर पण प्रत्येक डोंगराची उंची छापलेली असतेच. बघायची एवढंच.

चंदगडी_पावणा

मी विमानातला नव्हे, डोंगरातला माणूस. खरं लोंढावाल्यांचं म्हणणं मला एकदम पटलं ते सांगतो. आम्ही पोरं महिपाळगडावर रात्री मुक्कामाला जातो. पूर्वेकडं तोंड केलं की बेळगाव पसरलेलं दिसतंय, दिवेच दिवे, विमानतळाकडचा उजेड वेगळा कळतो. आणि पाठ फिरवून पश्चिमेकडं बघितलो की काय म्हणजे काहीच नाही. तिकडं कलानिधीगड आहे, पुढं तिलारीचं खोरं आहे, हे मला पाठ आहे, दिवसा बोट करून दाखवतो. अवसेच्या रात्री विचारलात तर कुठं डोंगर संपतोय आणि कुठं आभाळ सुरू होतंय मला नाही सांगता येणार, आणि मी तिथंच जन्मलोय.

अजून एक बघितलोय. गडावरून खाली उतरताना एका जागी बेळगावचे दिवे खालच्या बाजूनं एकेक करून जायला लागतात, पहिला जवळचे, मग लांबचे. पुढची सोंड आडवी येते म्हणून. ती सोंड स्वतः काय दिसत नाही, दिवे गेले यावरूनच कळतं की पुढं काहीतरी आहे. विमानात पण असंच होत असेल काय?

आणि आपल्या सह्याद्रीत पण असा रात्रीचा अपघात झालेला आहे की. जुन्नरजवळ. साठीच्या दशकात परदेशी विमान डोंगरावर पडलेलं, तिकडचे ट्रेकवाले अजून दाखवतात जागा.

पावसाळ्यात तर विचारूच नका, आंबोली-चोर्ल्याला ढग जमिनीवरच बसलेला असतोय, आणि रात्री ढग आणि आभाळ यातला फरक कोण ओळखणार.

जुना_एटीसीवाला

चंदगडी, तुम्ही म्हणता तो जुन्नरचा अपघात ७ जुलै १९६२ चा, अलिटालियाचं डीसी-८, बँकॉकहून मुंबईला येत होतं, मध्यरात्रीच्या सुमाराला. ९४ जण होते, एकही वाचला नाही. पण ते छोटं विमान नव्हे, चार इंजिनांचं मोठं जेट, आणि तिथं कारण वेगळं: आपण मुंबईच्या जास्त जवळ आलोय असं समजून पायलट लवकर खाली उतरायला लागले आणि साधारण ३६०० फुटांवर डोंगर लागला. तरी मुळात गोष्ट तीच, विमानाला काही झालेलं नव्हतं आणि आपण नक्की कुठं आहोत याचा अंदाज चुकला होता. आमच्या भाषेत याला सीफिट म्हणतात, विमान पूर्ण ताब्यात असताना जमिनीवर जाणं.

दिव्यांचं तुम्ही जे बघितलं ते अगदी शिकवण्यासारखं आहे. समोरच्या गावाचे दिवे खालून गायब व्हायला लागले म्हणजे तुमच्या आणि गावाच्या मध्ये काहीतरी उंच आहे आणि तुम्ही त्याच्यापेक्षा खाली आहात किंवा खाली जाताय. ताबडतोब वर चढायचं. वरून खालपर्यंत सगळे एकदम पुसट झाले तर ढग किंवा धुकं. पण यासाठी समोर दिवे तरी असायला पाहिजेत, सुपरस्टिशनला ते पण नव्हते.

आता काकूंसाठी मला जे सांगायचंय ते जबाबदारीचं. मी आयुष्यभर टॉवरमध्ये आणि रडारवर बसलो. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ ब्राउन फील्ड नावाचं छोटं एअरपोर्ट आहे, मेक्सिकोच्या हद्दीला लागून, आणि पूर्वेला थोड्या अंतरावर ओटाय माउंटन, साडेतीन हजार फुटांच्या वर. १६ मार्च १९९१ ला पहाटे पावणेदोनच्या आसपास तिथून एक छोटं जेट उडालं, आत गायिका रीबा मॅकएंटायरच्या वादकांचा ताफा, दोन पायलट धरून दहा जण. पायलटनं निघण्याआधी फोनवर विचारलं होतं की ३००० फुटांच्या खाली राहिलो तर वरच्या हद्दीचा प्रश्न येणार नाही ना, समोरच्यानं हो म्हटलं. हद्दीची चौकशी झाली, डोंगराबद्दल पुरेसं बोलणं झालं नाही. दहाही जण गेले.

मग २४ ऑक्टोबर २००४, तेच एअरपोर्ट, तोच डोंगर, मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाच्या आत. लिअरजेट, एअर अँब्युलन्स, पेशंटला सोडून परत निघालेलं, दोन पायलट आणि तिघं वैद्यकीय कर्मचारी. हवेत गेल्यावर रीतसर क्लिअरन्स, म्हणजे एटीसीची परवानगी, घेऊ म्हणून नजरेवर टेकऑफ केलं. कंट्रोलरनं दिशा दिली, पायलटांना वाटलं आता रडारवाला आपल्याला बघतोय म्हणजे डोंगराचं तोच बघेल. कंट्रोलरच्या मनात असं की अजून हे नजरेवर उडतायत तर डोंगर सांभाळायचं त्यांच्याकडं. पाचही गेले. चौकशीत पायलटांची चूक लिहिली तशी कंट्रोलरची पण लिहिली, पायलटांचा थकवा पण लिहिला. तेरा वर्षांत एकाच डोंगरावर एकाच पद्धतीनं दोन विमानं. रिटायर झालो तरी हा दुसरा अपघात माझ्या डोक्यातून जात नाही, कारण रेडिओवर ऐकलं तर सगळे शहाण्यासारखं बोलतायत, कुणाचा आवाज चढलेला नाही, आणि डोंगर नेमका दोघांच्या मध्ये अनाथ पडलाय.

म्हणून आपल्याकडचा नियम सांगतो. भारतात सूर्यास्तानंतर नजरेच्या भरवशावर म्हणजे व्हीएफआरनं एका गावाहून दुसऱ्या गावाला जाता येत नाही. एअरपोर्टच्या आसपासचं लोकल फ्लाइंग आणि ट्रेनिंग, ते पण एटीसीनं परवानगी दिली तरच. बाकी रात्री जायचं तर आयएफआर, म्हणजे यंत्रांच्या भरवशावर, ठरलेला मार्ग आणि ठरलेली किमान उंची. डोंगराळ भागात आयएफआरला सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर किमान २००० फूट ठेवायचे, सपाटीला १०००. अमेरिकेत नाईट व्हीएफआर सर्रास चालतं, म्हणून असले अपघात तिकडचे जास्त ऐकू येतात. आपले लोक नियमांना शिव्या घालतात, मीपण भरपूर ऐकून घेतल्यात टॉवरमध्ये बसून, पण हा नियम बरोबर आहे.

सोलो_झालेला_पोरगा

काकू नमस्कार, मी पण बेळगावचाच, मी पण सांबऱ्यालाच शिकतो. कशाला घाबरतासा ओ. तुमची मुलगी कोण ते मला कळलंय असं वाटतंय खरं नाव घेत नाही 😀

नाईट फ्लाइंग म्हणजे रात्री चोर्ला घाट ओलांडून गोव्याला जातात असं नाही. कमर्शियल लायसनला एकूण २०० तास लागतात, त्यात रात्रीचे फक्त ५, आणि त्यात १० टेकऑफ १० लँडिंग आपण स्वतः पीआयसी म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर. म्हणजे उडायचं, एअरपोर्टला चौकोनी फेरी मारायची, तिला सर्किट म्हणतात, उतरायचं, परत उडायचं. पहिल्यांदा इन्स्ट्रक्टर सोबत असतोयच. रनवेचे दिवे बहुतेक वेळ नजरेत असतात.

मला स्वतःला रात्री डोंगरापेक्षा टेकऑफची भीती वाटली, खरं सांगतो. रनवे संपला की दिवे मागं जातात आणि समोर शेतं, म्हणजे काळोख. विमान वेग घेत असताना पाठ सीटला दाबली जाते ना, तर कानातल्या बॅलन्सला वाटतं की नाक जास्तच वर गेलंय. दिवसा क्षितिज दिसतं म्हणून डोळे कानाला गप्प बसवतात. रात्री क्षितिज नाही, मग हात आपोआप नाक खाली दाबायला जातो. जमिनीपासून तीन-चारशे फुटांवर. सर ओरडतात "बाहेर बघू नको, होरायझन बघ", म्हणजे समोरच्या डॅशवरचं यंत्र. त्या वेळी अंग एक सांगतं आणि यंत्र दुसरंच सांगतं, आणि यंत्राचं ऐकायचं, ही सवय लागायलाच ते १० टेकऑफ असतात असं मला वाटतं.

आम्हाला क्लासमध्ये १७८ सेकंदांची गोष्ट सांगितली. १९५४ साली इलिनॉय युनिव्हर्सिटीत इन्स्ट्रुमेंटची सवय नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसणं बंद करून उडवायला लावलं, वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटं पण नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष होते त्या केनेडींचा मुलगा १९९९ ला असाच गेला, तिथं डोंगर नव्हता, समुद्र होता, रात्र आणि धूसर हवा, क्षितिज हरवलं.

आणि २०२३ च्या मे महिन्यात होन्निहाळजवळ शेतात ट्रेनर विमान उतरवलं होतं ते आठवत असेल सगळ्यांना, सगळे फोटो काढायला पळालेले. दोघं पण वाचले. ते दिवसा होतं, मोकळं शेत बघून उतरवता आलं. रात्री इंजिन गेलं तर शेत कुठलं आणि विहीर कुठली, म्हणून रात्री सर्किट सोडून लांब जायचं नाही.

चंदगडी_पावणा

एटीसीवाले काका, अजून एक विचारतो. समजा आमच्या पाटण्याच्या, तिलारीच्या जंगलात रात्री असं काय पडलं तर कळणार कसं? मोबाईलला रेंज नाही, रस्ता नाही, पावसात तर आम्हीच आठवडा-आठवडा आत जात नाही.

जुना_एटीसीवाला

विमानात एक बीकन असतो, ईएलटी. आदळल्याच्या धक्क्यानं तो आपोआप चालू होतो आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर सॅटेलाइटला हाक मारतो, सोबत त्या विमानाचा कोड. भारतात ती हाक बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅक केंद्रात पोचते, तिथून शोधपथकाला. जुने १२१.५ वाले बीकन असायचे, त्यांचा आवाज सॅटेलाइटनं ऐकणं २००९ च्या फेब्रुवारीत बंद झालं, आता तो फक्त जवळून जाणाऱ्या विमानाला ऐकू येतो. यंत्र जळालं किंवा अँटेना तुटली तर ४०६ पण गप्प, हे आहेच. सुपरस्टिशनला तर शोधायची वेळच आली नाही, आगीचा लोळ खालच्या वस्तीतल्या लोकांनी डोळ्यांनी बघितला होता. घाटात वस्ती नाही, तिथं बीकनवरच भिस्त.

टिळकवाडीची_काकू

सगळ्यांचे आभार. सगळं दोनदा वाचलं, त्या ओटाय डोंगराचं वाचून झोप लागली नाही, पण सांगितलंत ते बरं झालं. पाच तास आणि एअरपोर्टभोवतीच, हे आमच्या बाईसाहेबांनी आधी सांगितलं असतं तर एवढं लिहायची वेळच आली नसती. सोलो झालेल्या पोरा, तू कोण ते मलापण कळलंय, पोहे खायला ये.

एक शेवटचं. शनिवारी तिच्या सरांना भेटायला जाणार आहे. आडाणी बाई काहीतरी विचारते असं वाटायला नको, काय विचारू?

लोंढा_जंक्शन

काकू, आडाणी प्रश्नच विचारा, ते उत्तम असतात. पहिला हाच, की रात्री पश्चिमेकडं किती मैलांच्या पुढं न्यायचं नाही आणि तिकडची किमान उंची किती ठरवली आहे. आकडा लगेच सांगितला तर समजा शाळा चांगली आहे. "ते इन्स्ट्रक्टर बघून घेतो" असं उत्तर आलं तर परत विचारा.

हा आकडा का महत्त्वाचा ते सांगतो. विमानातलं उंचीचं घड्याळ समुद्रसपाटीपासून मोजतं. सांबराच मुळात साधारण २५०० फुटांवर आहे. म्हणजे घड्याळात ३५०० दिसलं की बाहेरच्या माणसाला वाटेल केवढं वर आहे, प्रत्यक्षात पायाखाली फक्त १००० फूट, आणि महिपाळगडाच्या बाजूला जमीन आणखी वर येते. त्यात हवेचा दाब बदलतो तसं घड्याळ जुळवून घ्यावं लागतं, एटीसी तो आकडा देते, तो एक मिलिबारनं चुकला तर उंची साधारण ३० फुटांनी चुकते. दिवसा हे चालून जातं कारण जमीन दिसते.

दुसरं विचारा की अमावस्येच्या आसपास पहिलं नाईट फ्लाइंग ठेवतात का चांदणं बघून. बऱ्याच ठिकाणी तारखा विमान मोकळं असेल तशा पडतात, पण पहिल्या दोन-तीन वेळा चंद्र असेल तर पोरांना खूप सोपं जातं. आणि आधी हूड घालून, म्हणजे बाहेरचं दिसू नये अशी टोपी लावून, इन्स्ट्रुमेंटचे किती तास करून घेतले ते विचारा. आणि मुलीला एकच सांगा, दिवसभर कॉलेज, प्रोजेक्ट, जागरण झालं असेल तर त्या रात्री सरळ नाही म्हणायचं. नाही म्हटलं म्हणून कुणी लायसन काढून घेत नाही.

निपाणीकर_भाऊ

एवढं सगळं वाचलो. बरं ते हेलिकॉप्टरचं काय? ते तर जागेवर थांबू शकतंय, त्याला तरी डोंगर दिसायला पाहिजे की. आमच्याकडं इलेक्शनला नेत्यांची उतरतात, संध्याकाळ झाली की पायलट कावराबावरा होऊन घड्याळ बघत असतोय.

लोंढा_जंक्शन

भाऊ तो पायलट शहाणा आहे. नेत्याचं भाषण लांबलं की सूर्य काही थांबत नाही. बाकी हेलिकॉप्टरला वेगळा धागा काढा, इथं सुरू केलं तर काकूंचा शनिवार जाईल.